बर्फ पडायच्या आधीच पैसे मोजा!

पुन्हा तेच! चवथ तोंडावर आलीय, मी स्टुलावर उभा राहून गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला सुपारीचे घोस बांधतोय, आणि डेन्व्हरहून भाच्याचा फोन: "मामा, स्की पास घेऊन टाक, किंमत वाढतेय."

स्की पास म्हणजे बर्फावर घसरायचं अख्ख्या हंगामाचं तिकीट. अरे पण कुठला? कोलोरॅडोतले व्हेल, ब्रेकेनरिजचे डोंगर हवे तर एपिक नावाचा पास. तिथलेच अ‍ॅस्पेन, विंटर पार्क हवे तर आयकॉन. एकाचा पास दुसऱ्याच्या डोंगरावर चालत नाही. स्वस्तातला घ्यावा, तर ऐन नाताळात बऱ्याच ठिकाणी बंदी. आणि आम्हाला रजा मिळणार ती नाताळातच!

मग म्हणे खिडकीवर तिकीट काढ. व्हेलला भर हंगामात एका दिवसाचे ३०० डॉलरच्या वर! त्यापुढे कुठलाही पास स्वस्तच वाटणार. ही मेख न कळायला आम्ही काय दुधखुळे?

डिसेंबर उजाडला की पासांची विक्री आटोपते. म्हणजे बर्फ किती पडेल माहीत नाही, व्हिसाची तारीख नाही, साहेबानं रजेवर सही केलेली नाही, आणि पैसे मात्र आत्ताच भरा. नंतर बेत बदलला तर बसा बोंबलत. गुलमर्गला बरं, गंडोलाचं तिकीट काढा, वर जा, घसरा, विषय संपला.

आता पठ्ठ्यानं एक्सेल पाठवलंय. पास वसूल व्हावा म्हणून माझ्या नावापुढे सलग सहा दिवस धरलेत. सहा! माझ्या गुडघ्यांना विचारलं का कुणी?