मागचा जन्म दिसला, म्हणून आत्मा सिद्ध होत नाही

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या नायगावच्या ग्रुपवर तो एका दिवसात चार वेळा आला. त्यात म्हटलंय : बुद्धांनीही अमर आत्मा मानला होता, माणूस कपडे बदलतो तसा आत्मा शरीर बदलतो, ध्यानात मागचे जन्म दिसतात, हाच पुरावा, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाने अडीच हजार मुलांवरून पुनर्जन्म सिद्ध केला, आणि आज जो दुःख भोगतो तो गेल्या जन्मीचं पापच भोगतो. शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले, पण क्रमाने जाऊ.

कपड्यांची उपमा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली आहे. ती बुद्धांच्या तोंडी घालू नये, कारण त्यांनी नेमकी हीच समजूत खोडून काढली होती. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या महातण्हासंखय सुत्तात (सुत्त म्हणजे उपदेश) साति नावाचा भिक्खू, कोळ्याचा मुलगा, सांगत सुटतो की तेच विज्ञान जन्मोजन्मी फिरतं. (विज्ञान म्हणजे इथे जाणीव.) सोबतचे भिक्खू समजावतात, तो ऐकत नाही. तेव्हा बुद्ध त्याला बोलावून घेतात आणि चांगलंच फटकारतात : असं मी कुणाला कधी शिकवलं? कारणांवाचून जाणीव उत्पन्न होत नाही. लाकडाने पेटली ती लाकडाची आग, गोवऱ्यांनी पेटली ती गोवऱ्यांची. तशीच डोळा आणि रूप यांच्यामुळे होते ती डोळ्याची जाणीव, कान आणि आवाज यांच्यामुळे होते ती कानाची.

मग पुढे जातं तरी काय? मिलिंदपञ्ह या प्रश्नोत्तरांच्या जुन्या पाली ग्रंथात राजा मिलिंदाला भिक्खू नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं उदाहरण देतात. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग अगदी वेगळी? तसंही नाही. आमच्या विहारात पंख्याच्या वाऱ्याने मेणबत्ती विझली की शेजारचीवर धरून परत लावतात. लहानपणी मी वातीला वात टेकताना डोळे बारीक करून बघायचे. इकडचं काही उचलून तिकडे ठेवलं जात नाही, पहिली ज्योत तसूभरही कमी होत नाही, पण ती नसती तर दुसरी लागलीच नसती.

तिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ पाली ग्रंथांत, पुनर्जन्म आहे, तो नाही असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच हा पेच मांडला : आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? पुढे त्यांनी उत्तर दिलं की शरीरातली द्रव्यं निसर्गात मिसळतात आणि पुन्हा जन्म होतो तो त्यांचा, आत्म्याचा नव्हे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, हा भाग वाचला की विहारात वाद रंगतो, आणि तो रंगावाच. पण त्या वादात आत्म्याची बाजू कुणी घेत नाही.

आता ध्यान. दीघ निकायातलं पहिलंच सुत्त, ब्रह्मजाल, अशा तपस्व्यांबद्दल बोलतं ज्यांना समाधीत हजारो जन्म आठवतात : माझं नाव हे होतं, मी असं खात होतो, इतकी वर्षं जगलो. त्यावरून ते ठरवतात की आत्मा आणि जग शाश्वत आहे. बुद्ध त्यांच्या आठवणीला खोटं म्हणत नाहीत, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला असं सांगतात. खज्जनीय सुत्त तर म्हणतं, पूर्वजन्म आठवणाऱ्याला आठवतात ते पाच स्कंध (माणूस ज्यांचा बनतो ते : शरीर, संवेदना, ओळख, मनाचे संस्कार आणि जाणीव), किंवा त्यांतला एखादा.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात सहाव्या दिवशी मला एक विहीर दिसली, काठावर हिरव्या बांगड्यांचा हात. हा माझा मागचा जन्म, याची मला खात्रीच पटली. आचार्य एवढंच म्हणाले, "दिसू दे. आत्ता शरीरात काय जाणवतंय?" घरी आल्यावर आई म्हणाली, आजोळी अशीच विहीर होती, तू तीन वर्षांची असताना बुजवली. मला जे दिसलं ते खरंच दिसलं होतं. ते कुठून आलं, हे मात्र मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शास्त्रज्ञाचं थोडक्यात. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी मुलांच्या अशा अडीच हजारांवर हकिकती जमवल्या. पण १९६६च्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी 'पुनर्जन्म सूचित करणारी' प्रकरणं असा शब्द वापरला. सिद्ध झालं, असा दावा त्यांनी केला नाही. शिवाय बऱ्याच हकिकतींत ते पोहोचण्याआधीच मुलाचं आणि मृत व्यक्तीचं, अशी दोन्ही कुटुंबं एकमेकांना भेटलेली होती.

राहिलं ते शेवटचं वाक्य. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धांना थेट विचारतो : माणूस सुखदुःख जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध आठ कारणं मोजतात : पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेली इजा आणि आठवं कर्म. सगळंच पूर्वकर्मावर ढकलणं चूक आहे, असं ते स्पष्ट सांगतात.

आमच्या मजल्यावर एक आई आहे. तिच्या नऊ वर्षांच्या मुलावर सहा महिने उपचार चालू आहेत. मेसेज आला त्या रात्री ती गॅलरीत माझ्याजवळ आली, मोबाइल हातातच. "ताई, माझ्या पोराने मागच्या जन्मी असं काय केलं असेल हो?" मी आतून पुस्तक आणलं आणि दिव्याखाली उभं राहून तिला ती आठ कारणं वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली.