आईच्या पुस्तकावरचे 36 रुपये

आज सकाळी आईसाठी एक मराठी ई-पुस्तक विकत घेतले आणि बिल पाहून मन उद्विग्न झाले. 236 रुपयांपैकी 36 रुपये कर! हेच पुस्तक कागदावर छापलेले असते, तर त्यावर जीएसटीचा एक पैसाही लागला नसता.

आई डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवायची. कदंबच्या बसने पणजीला जाऊन मध्यवर्ती ग्रंथालयातून पिशवीभर पुस्तके आणणाऱ्या तिला आता छापील अक्षर दिसत नाही. पडद्यावर ते बोटाएवढे मोठे केले, तरच ती वाचू शकते. तिच्यासाठी ही चैन नव्हे.

जुलै 2018 मध्ये ई-पुस्तकांवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, पण तो फक्त छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांसाठी. म्हणजे छपाईचा खर्च झेपत नाही म्हणून ज्या लेखकाने केवळ ई-पुस्तक काढले, त्याच्याच वाचकाने 18 टक्के भरायचे. हा कुठला न्याय? ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर कर नव्हताच. 1 मे 2020 पासून ई-पुस्तकांवरचाही त्यांनी काढून टाकला. स्विंडनला राहणारा माझा भाचा जो कर भरत नाही, तो डिचोलीतली त्याची आजी भरते.

देशादेशांतील किमती वेगळ्या असण्याला माझा सरसकट विरोध नाही. इंग्रजी पुस्तकांचे हक्क प्रदेशवार विकले जातात. अमेरिकेचे एका प्रकाशकाकडे, ब्रिटन व राष्ट्रकुलाचे दुसऱ्याकडे, आणि भारत बहुधा या दुसऱ्याच्या वाट्याला येतो, त्यामुळे किंमत ठरवणारेही वेगळे असतात. इथली मिळकत पाहून ती पुष्कळदा कमी ठेवतात आणि भाच्याला तेच पुस्तक महाग पडते, हे मान्य करावे लागेल.

परंतु पुस्तक पोहोचवण्याचे शुल्क कशासाठी? 2009 मध्ये किंडल हे अ‍ॅमेझॉनचे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र भारतासह शंभराहून अधिक देशांत आले, तेव्हा अमेरिकेत 9.99 डॉलरला मिळणारे पुस्तक बाहेरच्या वाचकाला 11.99 डॉलरला पडे. ते परदेशी मोबाइल नेटवर्कवरून उतरत असे आणि त्याचा खर्च विक्रेता करत असे, एवढे तरी कारण तेव्हा होते. आज आईचे पुस्तक आमच्या घरच्या वाय-फायवरून उतरते आणि त्याचे पैसे दरमहा आम्हीच भरतो. तरीही फाइलच्या प्रत्येक एमबीमागे लेखकाच्या मानधनातून पोहोचवण्याचा खर्च कापण्याची पद्धत काही विक्रेत्यांकडे चालूच आहे, आणि त्याचा दरही देशागणिक निराळा. मुलांच्या चित्रमय पुस्तकाची फाइल सर्वांत जड, म्हणून कात्रीही त्याच्यावरच सर्वांत मोठी चालते.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण आतल्या खोलीतून आईचा वाचण्याचा आवाज येतो आहे. वर्गात वाचायची तशीच, स्वल्पविरामाला थांबून. मघाशी तिने किंमत विचारली. मी दोनशे सांगितली.