बॅकलिंकच्या आधी पान: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नवीन वेबसाइटवाल्यांसाठी एसईओची, म्हणजे गुगलसारख्या शोधयंत्रात साइट वर दिसावी यासाठीच्या कामाची, सुरुवात कुठून करावी, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख बाळबोध आहे. शीर्षक नीट लिहून आणि सर्च कन्सोल (आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन) जोडून कोणी वर येत नाही, खरं काम बॅकलिंक, म्हणजे इतर साइट्सनी आपल्या पानाला दिलेले दुवे, करतात आणि त्यावर मी दोनच ओळी लिहिल्या. कीवर्डची, म्हणजे लोक शोधताना टाकतात त्या शब्दांची, यादी कुठे टाकायची तेही सांगितलं नाही. देवगडला तुमच्या भावाची हापूसची बाग आहे, त्याच्या साइटसाठी एक एजन्सी महिन्याच्या पैशांवर 'पहिल्या नंबरची हमी' देते आहे आणि त्याने ती घ्यावी असं तुम्हाला वाटतं. शिवाय आता एआयच उत्तरं देतंय, मग हा खटाटोप कशाला?

लिंकला महत्त्व आहेच. १९९८मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल उभं केलं ते त्याच कल्पनेवर: ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात, त्याचं वजन जास्त. पण म्हणूनच लिंक विकण्याचा धंदा सुरू झाला आणि गुगल गेली कित्येक वर्षं त्याच्या मागे लागलं आहे. २०११मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण वर्तमानपत्रात गाजलं. गाद्या-चादरींपासून कपड्यांपर्यंत सगळ्या शोधांत ती वर दिसत होती, कारण असंबद्ध साइट्सवर तिच्या नावाने लिंक पेरलेल्या होत्या. गुगलने कारवाई केली आणि ती झपाट्याने खाली गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१२मध्ये, गुगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल खास अशा लिंकांसाठी आला. आता तर विकतच्या लिंका ओळखून त्यांचं वजन शून्य धरलं जातं. म्हणजे शिक्षा झाली नाही तरी पैसे गेलेच. एवढ्या मोठ्या कंपनीला जे पचलं नाही, ते चार महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या बागायतदाराच्या गळ्यात का बांधायचं?

हमीबद्दल तर गुगलने स्वतःच लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. जो देतो त्याला एकच विचारा: कोणत्या शब्दांवर पहिला नंबर? भावाच्या बागेचं पूर्ण नाव टाकलं तर साइट अशीही वर येईल. गिऱ्हाईक ते नाव टाकत नाही, त्याला ते माहीतच नसतं.

तुम्ही साइटचा पत्ता दिला होता, म्हणून ती उघडून पाहिली. मुखपृष्ठाचं शीर्षक आहे 'होम'. गुगलच्या निकालात निळ्या अक्षरांत बहुधा हेच दिसतं आणि पान कशाचं आहे हे यंत्राला आणि माणसाला सगळ्यात आधी इथूनच कळतं. तिथे 'देवगड हापूस, बागेतून थेट पुणे-मुंबईत घरपोच' एवढं लिहिलं तरी जमीन-अस्मानाचा फरक पडेल. पेटीचे दर, पाच डझन आणि सहा डझनाचे भाव, पाठवण्याचे दिवस, फोन नंबर, हे सगळं एका रंगीत जाहिरातीच्या चित्रात आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवायला ते छान, पण शोधयंत्राच्या दृष्टीने ते पान जवळपास कोरं आहे. चित्र ठेवा, पण खाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टाईप करा. आणि तो युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनला-संगणकाला मराठी अक्षरं म्हणूनच कळेल अशा पद्धतीत. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधून चिकटवलेला मराठी मजकूर तुम्हाला मराठी दिसतो, पण आत तो निरर्थक रोमन अक्षरांचा गुंता असतो. 'हापूस' शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही. मराठी साइट्सचं यातून झालेलं नुकसान मोठं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडते आहे. दर हंगामाला नवं पान होतं आणि जुनं काढून टाकलं जातं. गेल्या वर्षी ज्यांनी आपल्या सोसायटीच्या पानावर किंवा ब्लॉगवर भावाचा दुवा दिला, तो दुवा आज 'पान सापडत नाही' असं दाखवतो. तुम्हाला हव्या असलेल्या बॅकलिंक त्याच! फुकट आणि खऱ्या गिऱ्हाइकांनी दिलेल्या. दरांचं पान एकच ठेवा, पत्ता कधीच बदलू नका, आतले भाव आणि साल तेवढं बदला. हंगाम संपला की 'पुढची नोंदणी मार्चपासून' असं लिहून ते तसंच राहू द्या. जुन्या पानांचे पत्ते या पानाकडे वळवा. त्याला रीडायरेक्ट म्हणतात आणि वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ते प्लगइनने, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरने, होतं.

कामाला लागायचं ते मोहर दिसतो तेव्हाच. बदल गुगलच्या लक्षात यायला कधी काही तास लागतात, कधी काही महिने. एप्रिलमध्ये पेट्या भरताना साइट सुधारली तर फळ पुढच्या वर्षी मिळेल.

कीवर्डच्या यादीचं मी मुद्दाम लिहिलं नाही. पानाच्या कोडमध्ये लपवायची ती यादी क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गुगलने २००९मध्येच जाहीर केलं. त्याऐवजी फोनवर गिऱ्हाईक काय विचारतं ते लिहून काढा. आंबा पिकलेला येतो की अढीत घालावा लागतो? खराब निघाला तर काय? देवगडचाच कशावरून? याची उत्तरं भावाच्या शब्दांत पानावर आली की कीवर्ड आपोआप आले. शेवटच्या प्रश्नाला वजन आहे. २०१८मध्ये हापूसला जीआय मानांकन, म्हणजे माल ठरावीक भागातलाच असल्याची कायदेशीर ओळख, मिळालं. भावाची त्याखाली नोंदणी असेल तर ती ठळक लिहा.

पानाच्या पत्त्यात मात्र मी देवनागरी टाळतो. गुगलला ती चालते, पण पत्ता कॉपी केला की प्रत्येक अक्षर आणि मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. एकट्या 'हापूस'ची पंचेचाळीस. असा दुवा पुढे पाठवताना मध्येच तुटतो.

एआयचं तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. २०२४च्या ऑगस्टपासून भारतातही गुगलच्या निकालांवर एआयचा सारांश येतो आणि 'हापूस कसा ओळखावा' असल्या माहितीच्या पानांचे वाचक त्याने कमी होऊ शकतात. पण पेटी सारांशातून मिळत नाही, ती कोणाकडून तरी घ्यावी लागते. आणि त्या सारांशात दुवा यायचा तर पान आधी गुगलच्या नोंदीत हवं. ते आहे का हे सर्च कन्सोलमध्ये पत्ता टाकून दिसतं. नसेल तर वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'रीडिंग' उघडा. शोधयंत्रांना मज्जाव करणारी एक चौकट तिथे असते, साइट बनवताना कधीकधी तिच्यावर टिक केलेली असते आणि नंतर ती काढायची राहून जाते. ती टिक तशीच असेल तर हजार बॅकलिंकही उपयोगाच्या नाहीत.

एजन्सी घ्यायचीच असेल तर घ्या, चांगली माणसं या कामात आहेत. फक्त त्याआधी डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, भावाच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर आहे का ते बघा. सर्च कन्सोलचा मालकही तोच हवा, एजन्सीला फक्त वापराची परवानगी द्या. दर महिन्याला कोणती पानं बदलली आणि कुठून लिंक आणल्या याची यादी लेखी मागा. ती द्यायला नकार मिळाला तर पैसे देऊ नका.

दरांचं पान टाईप करून झालं की इथेच कळवा, मी पुन्हा बघून सांगेन.