कॅमेऱ्यात पोट येत नाही

पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या आणि मुलांनी वाढदिवसाला ऑनलाइन डाएटिशियनचं तीन महिन्यांचं पॅकेज भेट दिलेल्या तमाम गृहस्थांनो, घाबरू नका. पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत, हे खरं. पण पैसे गेले म्हणून पाठोपाठ वजनही गेलंच पाहिजे असा काही कायदा नाही. मॅडम पुण्यात, तुम्ही सांगलीत. मधे दोनशेच्या वर किलोमीटर आणि वाटेत साताऱ्याचे कंदी पेढे. एवढ्या अंतरावरून कोणी कोणाचा हात धरू शकत नाही, जिलेबीकडे निघालेला तर नाहीच नाही. जरा डोकं चालवलंत तर तीन महिन्यांनी आहे त्याच वजनावर, झालंच तर अर्धा किलो नफ्यात, सुखरूप बाहेर पडाल.

पहिला व्हिडिओ कॉल महत्त्वाचा. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून असा उभा करा की कपाळापासून शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंतच दिसाल. खरा प्रश्न तिसऱ्या बटणापासून सुरू होतो, तो मॅडमच्या नजरेला पडायचं कारण नाही. उंची विचारतील. लग्न ठरवताना पत्रिकेसोबत जी लिहून दिली होती तीच सांगा, तेव्हाही कोणी मोजली नव्हती. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, काढताना किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागतात. त्यामुळे ८० किलोच्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसानं दोन इंच वाढवून सांगितले की बीएमआय एक घासही न सोडता २९.४ वरून २७.७ वर येतो. तरीही मॅडम म्हणतील, "सर, भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात." पाश्चात्त्यांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. एरवी तुम्ही कितीही स्वदेशीवाले असा, या एका बाबतीत पाश्चात्त्य विज्ञानावर आपला पूर्ण विश्वास असल्याचं बाणेदारपणे सांगून टाका.

मग त्या कंबर विचारतील. इथे बहुतेकजण फसतात, कारण त्यांना खरंच वाटतं की कंबर म्हणजे पँटचा नंबर. तो चौतीस होता आणि आजही चौतीसच आहे. नंबर बदलला नाही, पँट खाली सरकली. पूर्वी बेंबीवर असणारा पट्टा आता पोटाच्या छपराखाली, ऊन-पाऊस न लागणाऱ्या जागी विसावलाय. मॅडमना हवं असतं ते माप शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप फिरवून घ्यायचं. भारतीय पुरुषांना त्याची मर्यादा ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच. "टेप सापडत नाही" एवढंच म्हणा. जपानात २००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांची कंबर सरकारी योजनेतल्या तपासणीत मोजली जाते, पुरुषांची मर्यादा तिथे ८५ सेंटिमीटर. आपण सुदैवी देशात राहतो.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. "मी दिसायला तसा जाड नाही हो" हा बचाव पुण्याच्या मॅडमपुढे चालवू नका. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. आपल्या माणसानं स्वतःलाच नमुना म्हणून उभं करून जगाला सांगितलं की बारीक दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो. घरचा भेदी, दुसरं काय.

आता रोजचं काम, जेवणाचे फोटो. मॅडमनी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला असेल, त्यात प्रत्येक जेवणाआधी ताट पाठवायचं. 'आधी' हा शब्द नीट वाचा. नियम आधीच्या फोटोचा आहे, नंतर काय वाढून घेतलं याबद्दल नियम गप्प आहे. ताटात दोन फुलके, वाटीभर वरण, मेथीची भाजी आणि काकडी-टोमॅटो असा देखावा मांडा, खटकन फोटो काढा आणि मग निवांत जेवायला बसा. जे उभ्यानं खाल्लं जातं ते जेवण नसतं. भाजीत मीठ बरोबर आहे का हे बघताना खाल्लेलं, नातवाच्या ताटात उरलेलं आणि टीव्हीवर जाहिराती लागल्यावर डब्यातून आपोआप हातात आलेलं भडंग, यांतलं काहीही ताटात नव्हतं, म्हणजे फोटोत नाही, म्हणजे झालंच नाही. मूठभर शेंगदाणे म्हणजे साधारण ३० ग्रॅम आणि दीडशेच्या वर कॅलरी, हे हिशेब ज्याच्या त्याच्या आवडीचे. चहाचंही तसंच. घरी बिनसाखरेचा घ्या, चारचौघांसमोर, तोंड वाकडं करून. बँकेत, कट्ट्यावर आणि न्हाव्याकडे मिळतो तो त्यांचा चहा. त्यात दोन दोन चमचे साखर असली आणि असे चार झाले तरी होऊन होऊन किती, १६० कॅलरी. पाहुणचाराचा अपमान करायचा का?

आपण एकटेच लबाड आहोत असा न्यूनगंड बाळगू नका. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. "आम्ही बाराशे कॅलरीच्या आत खातो तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या जाड माणसांना शास्त्रज्ञांनी नीट तपासलं. त्यांचं शरीर ठणठणीत चालत होतं. फक्त खाल्लेलं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं जात होतं आणि केलेला व्यायाम ५१ टक्के जास्त. त्यातली बरीच मंडळी मुद्दाम खोटं बोलत नसावीत, त्यांना मनापासून तसं वाटत असावं. तुम्हीही मनापासून वाटून घ्या. प्रामाणिक चेहऱ्यानं सांगितलेलं व्हिडिओवर फार छान उमटतं.

आणि आता सगळ्यात रामबाण उपाय. मॅडमना तुमचा नंबर देऊच नका. बायकोचा द्या.

बहुतेक पुरुष हे कोणी न शिकवता करतात, म्हणून त्याला उपाय म्हणायचं की प्रथा असा प्रश्न पडतो. पॅकेज तुमच्या नावावर, साखर तुमच्या रक्तात, पण डाएट चार्ट येतो तिच्या फोनवर. ओटस् ती आणते, फुलक्याचं तूप ती बंद करते, तुमची दुधी आणि बाकीच्यांची बटाट्याची अशा दोन भाज्या ती करते. दर मंगळवारी संध्याकाळी कॉल आला की तुम्ही सोफ्यावर, ती ओट्याजवळ.

"अहो, मॅडम विचारतायत, काल रात्री काय काय खाल्लंत?"

"तुला माहितेय की. सांग."

"दोन भाकऱ्या, पिठलं. आणि नंतर फ्रिज उघडल्याचा आवाज आला होता."

"पाणी घेतलं."

"काका," मॅडम म्हणतात (पहिल्या आठवड्यातलं 'सर' एव्हाना संपलेलं असतं), "घरात महिन्याला तेल किती लागतं?"

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात, आणि उत्तर देताना पुरुष नेहमी स्वयंपाकघराच्या दिशेनं बघतात. तुम्हीही बघा. पाच लिटरचा डबा तिघांत महिनाभर पुरतो असं ती सांगेल. मॅडम तिथल्या तिथे गणित करतील की माणशी रोज ५० ग्रॅम, म्हणजे साडेचारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. पाच सेकंद शांतता पसरेल. या शांततेत तुम्ही बायकोकडे किंचित नाराजीनं बघायचं. चाळीस वर्षं 'भाजीवर तवंग नाही, चव कशी येणार' असं कोण म्हणत होतं, हे त्या क्षणी आठवायची गरज नाही. तुम्ही फक्त खाणारे, तेल ओतणारा हात दुसऱ्याचा, हे मॅडमच्या मनावर ठसलं की उरलेले दोन महिने ओरडा परस्पर तिकडे जातो.

या प्रथेला एक दुष्परिणाम आहे. चार्ट रोज वाचणारी, वाटी मोजून घेणारी आणि दोन स्वयंपाक करून दमलेली बायको शेवटी तुमच्याच दुधीवर भागवते आणि महिन्याभरात तिचंच वजन उतरतं. मॅडम खूश होतात. हे तुमच्या पॅकेजचं यश म्हणून मोजायला सांगा.

मॅडम फारच मागे लागल्या तर वाद सैद्धांतिक पातळीवर न्या. महाराष्ट्रात त्यासाठी 'दीक्षित की दिवेकर' हा विषय तयारच आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत काय ते जेवून घ्या म्हणतात. ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळच्या वेळी, आपल्या मातीतलं आणि तूप न टाळता खा म्हणतात. कोण बरोबर याच्यावर तासभर तावातावानं बोला आणि आचरणात दोघांनाही समान न्याय द्या. दुपारी पंचावन्न मिनिटं दीक्षितांची, बाकी दर दोन तासांनी दिवेकरांचं. तूप दोन्हीकडून.

उपवासाला पूर्वजांनी 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून ठेवलंच आहे. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तुपातली जिऱ्याची फोडणी आणि वर बटाट्याचा कीस घेऊन मॅडमना नुसतं "आज उपवास आहे" असं कळवा. त्या खूश होऊन हात जोडलेली खूण पाठवतील.

चालण्याचं बघा. मुलानं दिलेलं घड्याळ पावलं मोजतं, कोणाची ते विचारत नाही. नातवाच्या मनगटाला बांधा, संध्याकाळपर्यंत दहा हजार. स्वतः जायचंच असेल तर सकाळी आमराईत जा, एक फेरी मारा, बाकावर बसून राज्याच्या राजकारणाच्या तीन फेऱ्या मारा आणि परतताना मंडळींबरोबर गरम भजी. मॅडम एक विचित्र हट्ट मात्र धरतील. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा करा, रोज उसळ, डाळ, दही, चालत असेल तर अंडं वाढवा. त्यांचं म्हणणं असं की या वयात नुसतं कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, वजनकाटा खाली दिसतो आणि माणूस जिना चढताना कठडा धरतो. पटण्यासारखं आहे, म्हणून ऐकूच नका. "गुडघे" असा एकच शब्द उच्चारा. साठीतल्या माणसाचा गुडघा हा महाराष्ट्रातला अंतिम युक्तिवाद आहे.

एवढं करूनही काहींच्या हातून अपघात होतो आणि वजन उतरतं. हसू नका, घडलेलं आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी चारशेच्या वर लठ्ठ माणसांवर प्रयोग केला, २०११ मध्ये तो छापून आला. काहींना समोरासमोर बसवून सल्ला दिला, काहींना केवळ फोन, ईमेल आणि वेबसाइटवरून. दोन वर्षांनी समोर बसलेल्यांचं सरासरी ५.१ किलो उतरलं, आणि ज्यांना सल्लागार कधी भेटलाच नाही त्यांचं ४.६ किलो. ज्यांना त्यांच्या त्यांच्यावर सोडलं होतं त्यांचं एक किलोसुद्धा नाही. म्हणजे दूर असल्यानं फारसं बिघडत नाही, असं काहीतरी भयंकर त्यातून निघतं. पण त्या माणसांनी, असं दिसतं, फोन स्वतः उचलले होते.

अमेरिकेतलाच २००२ चा एक मोठा अभ्यास आणखी वाईट आहे. सात टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढ्या उद्दिष्टानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. तरण्यांपेक्षा म्हाताऱ्यांना फायदा जास्त. ८५ किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे सहा किलो. "आता या वयात काय करायचंय" हे आपलं हुकमी वाक्य त्यांनी असं वाया घालवलं.

तर चुकून तुमचे सहा किलो गेलेच, तर समाज तुम्हाला एकटं सोडणार नाही. भाच्याच्या लग्नात मावसभाऊ दंड दाबून बघेल, "काय रे, बरा आहेस ना? शुगर निघाली का?" शेजारच्या काकू बायकोला बाजूला घेऊन "सगळे रिपोर्ट करून घ्या हो एकदा" म्हणतील. कोणी तरी खंगलेल्या मेहुण्याची गोष्ट सांगेल, ती अर्थात चांगली संपणारी नसते. मघापर्यंत नव्या पँटीत ऐटीत फिरणारे तुम्ही हळूहळू स्वतःच नाडी बघायला लागाल. हीच संधी. पंगतीत मधोमध बसा. वाढपी म्हणेल, "अहो घ्या की, किती वाळलात!" हात आडवा घालू नका. मठ्ठा, मसालेभात, जिलेबीचं दुसरं वेटोळं, सगळं येऊ द्या. आणि ग्रुपवर फोटो पाठवायचाच झाला तर आधी कोशिंबीर थोडी पुढे ओढून घ्या.