गाडी खाली केली की ग्रिप वाढत नाही, त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय की रोजच्या गाडीला सगळ्यात भारी अपग्रेड म्हणजे लोअरिंग स्प्रिंग्ज (गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंग), ३५ एमएम खाली करा, शॉकअप कंपनीचेच चालतात, बॉडी रोल (वळणात गाडीचं झुकणं) गेला की ग्रिप वाढते, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) महिन्याभराने स्प्रिंग बसल्यावर करा, बजेट कमी असेल तर स्प्रिंगमध्ये रबरी बफर घाला आणि जास्त असेल तर डायरेक्ट कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र सेट) घ्या. परवा माझ्या मावसभावाने तोच मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, शनिवारी टाकून घेतोय." त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण यातला पहिला उद्योग मी स्वतः करून बसलोय आणि माझ्या गाडीत तेव्हा आई-बाबा पण बसायचे.

"शॉकअप कंपनीचेच चालतात." इथेच सगळ्यात मोठी चूक आहे. स्प्रिंगचं काम गाडीचं वजन पेलायचं, आणि खड्ड्यात दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर तेवढ्याच ताब्यात ठेवायला शॉकअपचा जोर साधारण १४ टक्के जास्त लागतो, आणि आपण काय करतो तर साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेला, आधीच थकलेला शॉकअप तसाच ठेवून त्याच्यावर जास्त कडक स्प्रिंग बसवतो. दुसरं म्हणजे ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर जायला शिल्लक असलेली जागा. माझी पोलो २०१६ ची. पुढच्या शॉकअपचं धुळीचं रबर वर सरकवून मी रॉडवर एक साधा केबल टाय बांधला आणि बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाची वर जायची हद्द संपते तिथल्या रबराच्या तुकड्यापर्यंत, किती जागा आहे ते मोजलं. कंपनीच्या स्प्रिंगवर, मी एकटा बसलेलो असताना, ५५ एमएम. ३५ एमएमच्या लोअरिंग स्प्रिंग्ज टाकल्यावर २०. दोन सेंटीमीटर! ऑफिसला जाऊन आलो की रोज बघायचो, तो टाय वर सरकून बंप स्टॉपला चिकटलेला असायचा, आणि हे पौड रोडवर, एकट्याने, कुठेही न हाणता. मागे माणसं बसली की तर गाडी जवळजवळ बंप स्टॉपवरच टेकलेली. म्हणजे स्प्रिंग पैसे देऊन घेतली आणि चालवत होतो रबराच्या त्या तुकड्यावर.

याचा अर्थ मला ताम्हिणीत कळला. माणगावहून परत येताना डावं वळण, वेग काही फार नाही, आणि वळणाच्या मधोमध पॅच मारलेल्या डांबराचा उंचवटा. पुढची चाकं त्यावरून गेली, मागचं बंप स्टॉपवर आपटलं, टायर हवेत उडाला आणि मागची बाजू हातभर बाहेर सरकली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज लिहितोय. कंपनीच्या सस्पेन्शनवर त्याच वळणात तोच उंचवटा चाकाने गिळला असता. बाजूला नऊ-दहा वर्षांची भाची बसली होती, तिने फक्त एवढंच विचारलं, "मामा, काय झालं?"

चौदा महिन्यांनी मागचा डावा शॉकअप तेलाने ओला झाला. ज्या गॅरेजमध्ये स्प्रिंग्ज टाकल्या तिथे तेव्हा कोणीही सांगितलं नव्हतं की आखूड स्प्रिंगला आखूड शॉकअप लागतो. बिलस्टीनचंच बघा ना, त्यांचा बी६ हा कंपनीच्या उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ हा खाली केलेल्या गाडीसाठी, मुद्दाम आखूड बनवलेला. एकच शॉकअप दोन्हीकडे चालला असता तर वेगळा बनवायची गरजच नव्हती.

आता "बॉडी रोल गेला की ग्रिप वाढते". वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं ना, ते एकूण किती जातं हे ठरतं गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यावरून. गाडी किती झुकली याचा त्यात फरक अगदी थोडा. गुरुत्वमध्य ५५० एमएमवर धरला आणि गाडी ३० एमएम खाली केली तर वजनाची ही ढकलाढकल साधारण ५ टक्के कमी होते, बास. आणि मॅकफर्सन स्ट्रटवाल्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत, म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या बाजूला, गाडी जास्त खाली गेली की खालचा आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) आडव्याच्या पलीकडे झुकतो, मग रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहूनही जास्त खाली घसरतो, दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडी उलट जास्त झुकायला बघते, ते झाकायला परत अजून कडक स्प्रिंग. ट्रॅकवर डांबर काचेसारखं असतं तिथे कडकपणा चालून जातो, पण आपल्या घाटात टायर रस्त्याला चिकटून राहणं हीच ग्रिप, आणि त्यासाठी चाकाला वरखाली हलायला मोकळीक हवी. थोडा रोल होऊ दे, त्याने काही बिघडत नाही. अगदी सहनच होत नसेल तर अँटी-रोल बार आहे (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं कमी करणारी दांडी), त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, २० चा २२ एमएम केला तरी ४६ टक्के वाढ, आणि गाडी एक सूतही खाली येत नाही.

"अलाइनमेंट महिन्याभराने." नको, कृपा करून हे ऐकू नका. उंची बदलली की त्याच क्षणी टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतो. त्याच दिवशी अलाइनमेंट करा, आणि स्प्रिंग थोडी बसते हे खरं आहे म्हणून पाचशे-हजार किलोमीटरनंतर परत एकदा करा. टायरवर तळहात आडवा फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर टो बिघडलाय. मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी एकच तुळई) असेल तर तिथे ॲडजस्ट करायला काही दिलेलंच नसतं, हेही आधी माहीत असू दे.

रबरी बफर. याने गाडी वर येते आणि मऊ पण होते असं सांगतात, दोन्ही एकदम होऊच शकत नाही. बफरने एक वेटोळं जाम केलं की काम करणारी वेटोळी सहाची पाच होतात, म्हणजे स्प्रिंग २० टक्के कडक, आणि शॉकअप तोच जुना. गाडी वर आल्यासारखी वाटते कारण दबत नाही. कायम पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर समजू शकतो, नाहीतर नको.

कॉइलओव्हरबद्दल थोडक्यात सांगतो, वस्तू चांगली आहे, पण रोजच्या गाडीसाठी नाही. आपल्या पावसात आणि कोकणातल्या दमट हवेत उंची बदलायचे ते थ्रेड चिखलाने आणि गंजाने धरतात, वर्षभराने त्यावर फिरवायची रिंग, म्हणजे कॉलर, हलतच नाही, म्हणजे ज्या ॲडजस्टमेंटसाठी पैसे मोजले तीच गेली. स्वस्तातल्या सेटमध्ये तर उंची कमी करताना ट्रॅव्हलही कमी होतो, कारण त्यात स्ट्रटची लांबी तशीच राहते आणि फक्त स्प्रिंगची बैठक खाली जाते.

मग मावसभावाने करायचं काय? त्याला आधी टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचायला लावले. २३१८, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. रबर इतकं कडक झालेलं असताना कुठलीही स्प्रिंग ग्रिप देणार नाही, पहिला खर्च तिथेच. मग गाडी जॅकवर घेऊन लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश (जोडातली रबरं), स्ट्रट माउंट तपासून जे ढिलं ते बदलायचं, निम्मा "बॉडी रोल" तिथेच सापडतो. त्यानंतर चारही शॉकअप नवीन, थोडे घट्ट पण कंपनीच्याच उंचीचे, स्प्रिंग कंपनीच्याच. एवढ्यावर सहा महिने चालवायची. तरीही खाली करायचीच असेल तर १५-२० एमएम आणि सोबत त्या उंचीचेच शॉकअप.

आणि फिटरच्या शेजारी उभं राहून एक गोष्ट बघायची. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना फुल टाइट करू द्यायचे नाहीत. आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, सस्पेन्शन एक-दोनदा दाबून बसू द्यायचं आणि मग टॉर्क द्यायचा. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं, मग नवीन शॉकअप टाकूनही कट-कट आवाज का येतो म्हणून माणूस गॅरेजच्या चकरा मारत राहतो.

शनिवारची वेळ त्याने तशीच ठेवली आहे, पण आता टायरच्या दुकानात.