खासगी म्हणजे विनाअनुदानित नव्हे: लेगसी प्रवेशावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांना सरकारी पैसा हवा असेल, तर माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप देणं (यालाच ‘लेगसी’ म्हणतात) त्यांनी सोडावं, असं मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: हे माप नाममात्र असतं, देणग्या आटल्या की गरीब मुलांच्याच शिष्यवृत्त्या जातील, आणि खासगी संस्थेने कुणाला घ्यावं हे सरकारने सांगू नये. शेवटच्यासाठी तुम्ही आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या इनामदार निकालाचा दाखला दिला आहे.

नाममात्र? हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात प्रवेशाची आकडेवारी उघड झाली. त्यात सहा वर्षांत लेगसी अर्जदारांपैकी सुमारे ३४ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता, बाकीच्यांपैकी सहा टक्क्यांहूनही कमी मुलांना. ही मुलं मुळातच हुशार असतील, हे एकवेळ मान्य करू. पण २०२३ च्या चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासाने तेही तपासलं. आईवडिलांच्या कॉलेजात हमखास वरचढ ठरणारी ही मुलं त्याच तोडीच्या इतर कॉलेजांत अर्ज करतात, तेव्हा त्यांचा वरचष्मा जवळजवळ उरत नाही. हुशारी काही कॉलेजागणिक बदलत नाही.

देणग्यांचं थोडक्यात. जॉन्स हॉपकिन्सने २०१४ मध्ये गाजावाजा न करता ही प्रथा बंद केली आणि २०२० मध्ये जाहीर केलं. मधल्या काळात, २०१८ मध्ये, ब्लूमबर्ग या माजी विद्यार्थ्याने १.८ अब्ज डॉलर दिले, तेही विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीसाठी. पेल ग्रँटला, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांच्या संघराज्य सरकारी अनुदानाला, पात्र असलेल्या तिथल्या मुलांचं प्रमाण २००९ मधल्या ९ टक्क्यांवरून २०१९ मध्ये १९ टक्क्यांवर गेलं. याचं सगळं श्रेय लेगसी बंद करण्याला देता येणार नाही, असा दाता दर कॉलेजाला मिळत नाही. पण देणग्या आटल्या नाहीत, एवढं नक्की.

आता मुख्य मुद्दा. इनामदार निकाल होता विनाअनुदानित कॉलेजांबद्दल. सरकारने त्यांच्यावर आपला कोटा लादू नये, हे न्यायालयाने म्हटलं, पण प्रवेश पारदर्शक आणि गुणवत्तेवर हवेत, हेही त्याच निकालात आहे. तुम्ही अर्धाच उचललात! आणि अमेरिकेतली नामांकित कॉलेजं आपल्या अर्थाने विनाअनुदानित नाहीतच. तिथे पगारपत्रकावर सरकारी अनुदान येत नाही, पैसा येतो विद्यार्थ्याच्या नावाने. पेल ग्रँटची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर आहे. शिवाय सरकारी कर्जं, संशोधनाचे प्रकल्प आणि करसवलत.

विद्यार्थ्याच्या नावाने आलेला पैसा कॉलेजाचा धरायचा का, यावर तिथे निकाल लागून चाळीसेक वर्षं झाली. पेनसिल्व्हेनियातलं ग्रोव्ह सिटी कॉलेज म्हणत होतं, ‘आम्ही सरकारकडून दमडी घेत नाही.’ विद्यार्थी मात्र अनुदान घेत होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कॉलेजालाच मदत ठरवली, पण मदतीसोबत येणारं लिंगभेदबंदीचं बंधन फक्त आर्थिक मदतीच्या विभागापुरतं ठेवलं. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते अख्ख्या संस्थेला लागू केलं. म्हणजे अट घालता येते का, हा वाद जुना झाला. ती कुठल्या पैशाला आणि कशी बांधायची, हा खरा प्रश्न आहे, आणि सगळं फसतं ते इथेच.

कॅलिफोर्निया बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे एबी १७८० या विधेयकावर सही झाली: खासगी कॉलेजांतही लेगसी आणि देणगीदारांना झुकतं माप बंद, १ सप्टेंबर २०२५ पासून. आधीच्या मसुद्यात दंड होता, कॉलेजाला कॅल ग्रँटमधून (राज्याच्या विद्यार्थी अनुदानातून) जेवढे मिळतात तेवढा. वाटाघाटीत तो गळाला. उरलं काय? नियम मोडणाऱ्यांची नावं राज्याच्या न्याय खात्याच्या संकेतस्थळावर. पुढे स्टॅनफर्डने कॅल ग्रँट योजनाच सोडली, ती मदत स्वतःच्या पैशातून भरून द्यायचं जाहीर केलं आणि लेगसी चालू ठेवली. ज्यांच्या निधीत ३७ अब्जांहून जास्त डॉलर आहेत, त्यांना हे किरकोळ. ग्रोव्ह सिटीनेही शेवटी सरकारी मदत सोडूनच वाट काढली होती. अट अशा पैशाला बांधली, जो सोडला तर कॉलेजाचं काही अडत नाही, तर ती गळून पडणारच.

मग संशोधनाचा निधी रोखायचा? तो सोडणं स्टॅनफर्डला परवडणार नाही, हे खरं. पण प्रवेशाधिकाऱ्याच्या चुकीची शिक्षा कर्करोगाच्या प्रयोगशाळेला होणार. शिवाय १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातसुद्धा पैसा तोडण्याआधी नोटीस, समजुतीने सुधारण्याची संधी, सुनावणी, काँग्रेसला अहवाल आणि त्यानंतर ३० दिवस थांबणं, हे सगळं आहे. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने ते बाजूला सारून हार्वर्डचे दोन अब्जांहून जास्त डॉलर गोठवले, ते सप्टेंबरमध्ये जिल्हा न्यायालयाने बेकायदा ठरवलं.

मला पटतो तो क्लेरी कायद्याचा साचा. आवारातल्या गुन्ह्यांची माहिती न देणाऱ्या कॉलेजाला शिक्षण खातं नियमभंगामागे दंड लावतं, विद्यार्थ्याचं अनुदान मात्र चालूच राहतं. मार्च २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला असा १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड झाला. संघराज्याच्या विद्यार्थी मदत योजनेत यायचं तर कॉलेजाला करार करावाच लागतो. लेगसीची अट त्या करारात घालावी आणि दंड नियम मोडून दिलेल्या प्रवेशांच्या संख्येवर मोजावा. अर्जात आईवडिलांचं कॉलेज विचारतात, तो रकाना छाननी करणाऱ्याला दिसता कामा नये. आणि देणग्या गोळा करणाऱ्या विभागाकडून प्रवेश विभागाकडे जाणाऱ्या नावांच्या याद्यांची तपासणी हवी, कारण रकाना झाकला तरी यादी मागच्या दाराने पोचते. हार्वर्डच्या खटल्यात ‘डीनच्या यादी’वर, म्हणजे देणगीदारांशी वगैरे संबंध असलेल्या अर्जदारांच्या यादीवर, बरीच चर्चा झाली होती.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आत्ता कुठे आपल्या मुलांची पाळी आली, तर नियम बदलायला निघाले.’ कळकळ समजते. पण आपल्याकडचे बरेचसे आईवडील तिकडे एमएस किंवा पीएचडीला गेले. स्टॅनफर्ड ती पदवी लेगसीसाठी धरतं. हार्वर्ड धरत नाही, तिथे आई किंवा वडील हार्वर्ड कॉलेजातून पदवीधर झालेले लागतात. म्हणजे ती पाळी सगळीकडे आलेलीच नाही.