आजारी पाडलेला संघ

"लोकच सामन्याला येत नव्हते, मग मालकाने संघ हलवला तर त्याचे काय चुकले?" हा प्रश्न मला इथल्या मराठी मित्रमंडळींकडून इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की, त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढणे मला गरजेचे वाटते. प्रश्न कॅलिफोर्नियातल्या ओकलंड ॲथलेटिक्स या बेसबॉल संघाचा आहे, ज्याला आम्ही नुसते 'एज' म्हणतो, आणि ज्याने २०२४ चा हंगाम ६९ विजय आणि ९३ पराभवांवर संपवून लास व्हेगासला जाण्यासाठी ५७ वर्षांचे घर सोडले.

हा संघ १९६८ साली कॅन्सस सिटीहून ओकलंडला आला. त्याआधी तो फिलाडेल्फियाचा होता. १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे आणि पुढे १९८९ साली त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलचे विजेतेपद, जिंकली. मी २००२ साली ओकलंडजवळच्या फ्रीमाँटला राहायला आलो, तेव्हा त्याने सलग २० सामने जिंकून सगळ्या बे एरियाला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतालच्या या परिसराला, वेड लावले होते. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला तेव्हा प्रथम कॉलिझियमवर, म्हणजे संघाच्या घरच्या मैदानावर, नेले. क्रिकेटवर वाढलेल्या मला निम्मा खेळ कळला नाही, पण उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर ढोल बडवणारी, झेंडे फडकवणारी माणसे मात्र लगेच कळली, कारण तशी माणसे मी गणपतीच्या मिरवणुकीत लहानपणापासून पाहत आलो होतो.

लोक येत नव्हते म्हणणाऱ्यांनी २०१९ सालाकडे पाहावे. त्या वर्षी संघाने ९७ सामने जिंकले आणि बाद फेरीच्या एकाच सामन्याला ५४,००५ प्रेक्षक आले. मोडके मैदान, तुंबणारी गटारे, १९९०च्या दशकात फुटबॉल संघासाठी उभारलेली आणि पलीकडच्या टेकड्या कायमच्या झाकून टाकणारी सिमेंटची भिंत, हे सगळे तेव्हाही तसेच होते. तरी लोक आले, कारण समोर जीव लावावा असा संघ होता. मग एकेक करून तो संघ मोडला गेला. मार्कस सेमियनला राखले नाही, २०२२च्या वसंतात मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन यांना अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दुसऱ्या संघांना देऊन टाकले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी शॉन मर्फीही गेला. दुसरीकडे सीझन तिकिटांचे दर वाढवले. २०२२ साली १०२ पराभव झाले, २०२३ साली ११२. चांगले खेळाडू घालवायचे, तिकिटे महाग करायची आणि मग रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवायचे, याला मी 'लोक आले नाहीत' असे म्हणणार नाही.

मला हे ओळखता येते, कारण मी ते घरात पाहिले आहे. माझे वडील मुंबईतल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सुटे भाग मागवायचे नाहीत, दुरुस्ती टाळायची, गिऱ्हाईक हळूहळू तुटू द्यायचे आणि मग गिरणी 'आजारी' आहे म्हणून जाहीर करायचे, हा क्रम ते आम्हाला जेवताना सांगत. गिरणी आजारी पडत नाही, ती पाडली जाते, हे त्यांचे वाक्य मला ओकलंडच्या प्रत्येक पराभवाला आठवत असे. पोटाची भाकरी आणि सुटीच्या दिवशीचा खेळ यांची बरोबरी मी करत नाही. पण दोन्हीकडे दोष मात्र खालच्या माणसाच्याच माथी मारला गेला.

बरे, ओकलंडकरांनी हे मुकाट्याने सोसले असेही नाही. १३ जून २०२३ रोजी, संघ तळाला असताना, त्यांनी ठरवून मैदान भरले. २७,७५९ माणसे आली, हजारोंच्या अंगात हिरवे शर्ट होते आणि छातीवर एकच शब्द होता: 'सेल', म्हणजे विकून टाका. सांगणे मालक जॉन फिशर यांना होते. त्या दिवशी संघ जिंकलासुद्धा. दोनच दिवसांनी बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड म्हणाले की एका रात्रीपुरती का होईना, जवळपास सरासरी गर्दी झाली हे छान झाले. हे वाक्य मी त्यांना माफ करू शकलेलो नाही. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला, आणि नोव्हेंबरमध्ये तिसांच्या तीस मालकांनी स्थलांतराला संमती दिली. एकानेही विरोधी मत दिले नाही. ओकलंडचा बास्केटबॉल संघ वॉरियर्स २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, फुटबॉल संघ रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगासला गेला, आणि आता उरलेला हा एकच संघ आधी सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर आणि पुढे वाळवंटात.

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवार. मुलाची शाळा बुडवून मी त्याला बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, शेवटच्या घरच्या सामन्याला नेले. त्या वर्षी सरासरी अकरा-बारा हजार प्रेक्षक येत. त्या दुपारी ४६,८८९ आले. मानाचा पहिला चेंडू टाकायला संघाचे जुने खेळाडू डेव्ह स्टुअर्ट आणि रिकी हेंडरसन उतरले, दोघेही ओकलंडमध्ये वाढलेले. रिकी त्याच डिसेंबरात गेले, त्यामुळे ते दृश्य आठवले की आता दुप्पट गलबलून येते. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई मांडीवर धावफलकाची वही घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीने करत होत्या. टेक्सासविरुद्ध ३-२ अशी आघाडी असताना शेवटचा फटका जमिनीवरून तिसऱ्या बेसकडे गेला, तिथून चेंडू पहिल्या बेसवर पोहोचला आणि फलंदाज बाद झाला. सगळे मैदान उभे राहून ओरडत असताना बाईंनी बसूनच शेवटच्या चौकोनात '५-३' (वहीत तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूचा आकडा ५, पहिल्या बेसवरच्याचा ३) असे लिहिले, अगदी स्वच्छ अक्षरात, आणि मग पेन्सिल खाली ठेवून चष्मा काढला.

संघाचे व्यवस्थापक, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, मार्क कॉट्से यांनी माइक हातात घेऊन लोकांचे आभार मानले आणि 'लेट्स गो ओकलंड'चा शेवटचा घोष त्यांनीच सुरू करून दिला. त्यानंतर बराच वेळ कोणी हलले नाही. मैदान राखणारे कर्मचारी कठड्यापाशी येऊन, जो हात पुढे करेल त्याला मैदानातली माती देत होते. मुलाने सरबताचा रिकामा कप पुढे केला आणि घरी येईपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून बसला. हिने ती तांबूस माती काचेच्या बरणीत भरली आणि लोणच्याच्या बरणीवर लिहिते तशी पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहिली.